पाचपट घाईतले रेणू

पडदा फुटतो तेव्हा येणारा आवाज सुतळी बॉम्बसारखा नसतो. तो लोखंडाच्या पोटातून येतो आणि कानांआधी तळपायांना कळतो. पहिला महिनाभर मी दर शॉटला दचकायचे. पुढे पुढे आवाज नीट आला नाही तरच दचकू लागले. आवाज बसका आला म्हणजे पडदा चार पाकळ्यांत उघडण्याऐवजी कुठल्यातरी कोपऱ्यात फाटलेला असायचा आणि अर्धा दिवस पाण्यात जायचा.

"रोज एक पत्रा फोडतेस आणि त्याचे तुला पैसे देतात?" आईने एकदा फोनवर विचारलं होतं.

देतात, पण उशिरा.

मी लोणंदची. पीएच.डी.साठी दक्षिणेतल्या एका शहरात आले आणि वाट्याला शॉक ट्यूब आली, म्हणजे पत्र्याचा पडदा फोडून वायूत धक्क्याची लाट सोडणारी नळी. काम ऐकायला सोपं होतं : कार्बन मोनॉक्साइड एकदम तापवला की त्याचे रेणू कंपू लागायला किती वेळ घेतात, ते मोजायचं. यात नवं काही शोधायचं नव्हतं. अमेरिकेत मिलिकन आणि व्हाइट या दोघांनी १९६३ सालीच अशा कितीतरी वायूंची मोजमापं एका सूत्रात बसवून ठेवली आहेत. सरांचं म्हणणं असं की नव्या यंत्राला आधी जुनं खरं बोलायला शिकव, मग आपण नायट्रोजनकडे जाऊ. "दोन महिन्यांचं काम आहे," ते म्हणाले. मला चौदा लागले.

रेणू कंपायला उशीर करतो म्हणजे काय, ते मी घरी पंगतीवरून समजावलं होतं. वायू अचानक तापला की ऊर्जा आधी मिळते रेणूंच्या धावण्याला. गिरक्या घेणं तिच्या शेजारच्याच पाटावर बसलेलं असतं, त्यालाही दोन-चार टकरांत वाढून होतं. कंपन मात्र पंगतीच्या पार टोकाला. कार्बन मोनॉक्साइडसारख्या ताठ बंधाच्या रेणूला साध्या टकरीने हलवणं अवघड. दोन-अडीच हजार केल्विनलासुद्धा त्याच्या पानात नीट वाढून व्हायला हजारो टकरा लागतात, कधी लाखाच्या घरात. या उशिराला रिलॅक्सेशन टाइम म्हणतात, आम्ही नुसतं टाउ म्हणतो. अंतराळातून परतणाऱ्या कुपीच्या पुढ्यातली हवा किती तापेल याचं गणित या उशिराशिवाय मांडता येत नाही, कारण कंपनांनी आपला वाटा उचलेपर्यंत धावणारे रेणू हिशेबापेक्षा जास्त गरम असतात.

हे मोजायला आधी वायू 'एकदम' तापवावा लागतो. शेगडीवर तापवून भागत नाही. काही मायक्रोसेकंदांत घडणारी गोष्ट बघायची तर तापवणं त्याहून झटपट व्हायला हवं. म्हणून शॉक. नळीच्या एका भागात दाबाखाली हीलियम, दुसऱ्या भागात अगदी विरळ कार्बन मोनॉक्साइड, मध्ये ॲल्युमिनियमचा पडदा. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८९९ साली अशी नळी वापरली होती. आमच्याकडे पडद्यापलीकडे १० टॉर दाबाचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाइतक्या दाबाचा वायू असायचा, अलीकडे हीलियम चढत चढत ३४-३५ बारच्या आसपास पोचला की पडदा जायचा. शॉक ध्वनीच्या सहापट वेगाने निघायचा, म्हणजे सेकंदाला दोन किलोमीटरहून थोडा जास्त. तो ज्या वायूवरून जायचा त्याचं तापमान ३०० केल्विनवरून सुमारे २४०० केल्विनवर उडी मारायचं. रेणूंच्या दोन-चार टकरांत.

पण त्या एका क्षणासाठी दिवस जायचा. सकाळी फ्लँजचे बोल्ट काढा, कालचा फुटका पडदा बाहेर घ्या, पाकळीचा एखादा तुकडा तुटून आत गेला असेल तर तो शोधा. आत राहिलेला तुकडा पुढच्या शॉटला गोळीसारखा जातो आणि कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडकीवर ओरखडा काढतो. खिडकीची किंमत मी सांगत नाही, कारण तिच्यावर पहिला ओरखडा माझ्याच हातून पडला. मग नवा पडदा. वर्कशॉपमधले अण्णा दोन मिलीमीटरच्या पत्र्यावर मिलिंग मशीनने अधिकचं चिन्ह काढल्यासारखी खाच पाडून द्यायचे. खाच किती खोल, यावर पडदा कधी फुटणार हे ठरतं, आणि अण्णांचा हात इतका बसलेला की दाब एखाद्या बारपलीकडे चुकायचा नाही. मग पंप लावून निर्वात. मग वायू भरणं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, म्हणून खोलीत अलार्म, आणि पंपाचा धूर थेट गच्चीवर काढलेला. एवढं करून दिवसाला दोन शॉट. तिसरा झाला तर त्या रात्री मेसचं जेवण गोड लागायचं.

तापलेला रेणू कंपू लागला की तो ४.६७ मायक्रॉनच्या आसपास अवरक्त प्रकाश टाकतो. आमचा डिटेक्टर इंडियम अँटिमोनाइडचा, द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेला. त्याच्यापुढे फक्त तेवढाच पट्टा आत सोडणारा फिल्टर. शॉक खिडकीसमोरून गेला की ऑसिलोस्कोपवर रेघ वर चढू लागायची आणि हळूहळू सपाट व्हायची. चढणीच्या वळणातून टाउ काढायचा. त्याला दाबाने गुणायचं, कारण दाब दुप्पट तर टकरा दुप्पट. मग त्याचा लॉग एका अक्षावर, तापमानाच्या घनमुळाचा व्यस्त दुसऱ्या अक्षावर. लँडाउ आणि टेलर यांनी १९३६ साली दाखवलं त्याप्रमाणे बिंदू सरळ रेषेत पडायला हवेत.

तापमान थर्मामीटरने मोजता येत नाही. नळीवर तीस सेंटीमीटर अंतरावर बसवलेले दोन प्रेशर सेन्सर, त्यांच्यामध्ये शॉकला लागलेले जेमतेम १४० मायक्रोसेकंद, त्यावरून वेग आणि वेगावरून तापमान. वेगात एक टक्का चूक झाली की तापमानात दोन टक्के होते आणि टाउमध्ये आठ-नऊ. त्यामुळे मी सेन्सरमधलं अंतर व्हर्नियरने तीनदा मोजलं होतं. माझी सगळी काळजी तिथे खर्ची पडली. चूक मात्र भलतीकडेच दबा धरून बसली होती.

पहिले दहा शॉट मी मुद्दाम एकाच स्थितीत मारले : १० टॉर, सहापट वेग. दहाही बिंदू १९६३ च्या रेषेवर बसले. जवळपास नव्हे, रेषेवर. मी घरून आणलेले कंदी पेढे लॅबमध्ये वाटले. सरांनी पेढा घेतला, आलेख बघितला आणि एवढंच म्हणाले, "आता तापमान बदलून बघ."

बदललं. दाब वाढवून, वेग पाचपटीवर आणून १७०० केल्विनचे शॉट मारले. दाब कमी करून, वेग सातपटीवर नेऊन ३१०० चे. थंड बाजूचे बिंदू रेषेच्या खाली गेले, गरम बाजूचे वर. मधले तेवढे अजून रेषेवर. माझी रेष चढायलाच तयार नव्हती. १७०० आणि ३१०० मध्ये टाउ दहापटींहून जास्त बदलायला हवा होता, माझा जेमतेम दुप्पट-तिप्पट बदलत होता. रेणू नव्हे, दुसरंच कोणीतरी वेळ ठरवत होतं.

हे दुसरं कोणीतरी सापडायला तीन आठवडे गेले. शेवटी कंटाळून मी डिटेक्टरसमोरचा फिल्टर काढला आणि त्याच्यापुढे रिमोट कंट्रोलमध्ये असते तसली एलईडी लावून ती झटक्यात पेटवली. एलईडीला रिलॅक्स व्हायचं नसतं, ती लगेच पेटते. स्कोपवर मात्र माझ्या ओळखीची रेघ आली : हळूहळू चढणारी, सपाट होणारी. वळण काढलं. ५३ मायक्रोसेकंद. कार्बन मोनॉक्साइडचं म्हणून मी जे पेढे वाटले होते, ते ॲम्प्लिफायरचे होते.

ॲम्प्लिफायरवर गोंगाट गाळायचा एक नॉब आहे. तो ३ किलोहर्ट्झवर होता. मीच सुरुवातीला तिथे ठेवला होता, रेघ छान गुळगुळीत दिसायची म्हणून. तीन किलोहर्ट्झची गाळणी म्हणजे तिचा स्वतःचा वेळ बरोबर ५३ मायक्रोसेकंद. कागदावर दोन ओळींत निघतं. नॉब पूर्ण उघडला. रेघ खरखरीत झाली, पण टाउ खाली आला आणि रेषेचा चढही हवा तसा मिळाला.

फक्त ती रेष आता १९६३ च्या प्रकाशित रेषेच्या सरळ पाचपट खाली होती.

इथून पुढचे अडीच महिने मी ओलाव्याच्या मागे घालवले, आणि त्याचं खापर फोडायला माझ्याशिवाय कोणी नाही. ओलाव्याची ख्याती मला पाठ होती. व्हर्न क्नुडसन यांनी १९३० च्या दशकात दाखवलं होतं की हवेतल्या जराशा वाफेने आवाज शोषला जाण्याचं प्रमाण पार बदलतं, कारण पाण्याचा रेणू ऑक्सिजनच्या कंपनांत ऊर्जा घालायला आणि काढायला भलताच तरबेज असतो. पंगतीत एखादा पटपट वाढणारा शिरावा तसा. हायड्रोजनही तसलाच. तेव्हा टाउ लहान येतोय म्हणजे नळीत पाणी, असं मी ठरवूनच टाकलं. त्यात पुढे जूनही लागला. लॅबच्या भिंतींना ओल, नळी उघडली की पावसाळी हवा आत.

मी नळीला हीटिंग टेप गुंडाळून रात्र रात्र तापवली. सगळ्या ओ-रिंग बदलल्या. हीलियमचा लीक डिटेक्टर घेऊन एकेका सांध्यावरून फिरले. एका गेजच्या मुळाशी खरंच गळती निघाली. पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून नळीतला दाब किती वाढतो ते वहीत लिहीत गेले. मिनिटाला पाच मिलीटॉर होता तो अर्ध्या मिलीटॉरच्या खाली आणला. शॉट मारला. टाउ ढिम्म. सगळ्यात थंड बिंदू किंचित वर सरकले, बाकी सगळं पाचपट खालीच.

सरांपुढे मी वही ठेवली तेव्हा त्यांनी गळतीचे आकडे बघितलेच नाहीत. आलेखावर पट्टी ठेवली. "तुझी रेष मूळ रेषेला समांतर आहे," ते म्हणाले. "पाणी समांतर चूक करतं का?"

नाही करत. गरम वायूत कार्बन मोनॉक्साइड स्वतःच घाईत असतो, तिथे पाण्याची मदत फारशी दिसत नाही. थंड बाजूला तो सुस्त असतो, म्हणून तिथे चिमूटभर पाणीही रेषेला खाली ओढतं. ओलावा असता तर रेष तिरकी झाली असती. समांतर म्हणजे प्रत्येक बिंदूला जवळपास तोच गुणक. मी किती चुकतेय एवढंच बघत बसले होते. चुकीचा आकार अडीच महिने माझ्यासमोर छापलेला होता.

"आणि तुझं घड्याळ कोणाच्या हातात आहे?" सरांनी जाता जाता विचारलं. मला प्रश्नच कळला नाही. विचारायची लाज वाटली.

त्याच आठवड्यात माउलींची पालखी लोणंदला होती. आईने फोन गॅलरीतून रस्त्याकडे धरला आणि मला वारी दाखवली. फोनच्या एवढ्याशा चौकटीतून दिंड्या सरकत होत्या आणि मला सरांचा प्रश्न एकदम समजला. समजा, वारीचं पुढचं टोक रस्त्याने जातंय आणि ते ज्या गावावरून जाईल त्या गावचे लोक लगेच निघून मागोमाग चालू लागतात, टोकापेक्षा थोडंसंच हळू. आता आमच्या दारात उभं राहून बघा. टोक गेल्यावर दहा मिनिटांनी जो माणूस समोर आला, तो किती वेळ चालतोय? दहा मिनिटं नव्हे. तो खूप मागच्या गावात सामील झाला आणि टोकाशी जवळपास बरोबरी करत आला. तो पन्नास मिनिटं चालतोय. माझी खिडकी म्हणजे आमचं दार. शॉक गेल्यावर दहा मायक्रोसेकंदांनी खिडकीसमोर आलेला रेणू पन्नासहून जास्त मायक्रोसेकंद तापलेला असतो. घड्याळ माझ्या हातात होतं, ते रेणूच्या हातात हवं होतं.

किती पट, तेही ठरलेलं असतं : शॉकमुळे घनता जितकी पट वाढते, तितकी. सहापट वेगाला ५.२७. पाचपटीला ५, सातपटीला ५.४४. म्हणून तर रेष इतकी समांतर. हा गुणक प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे आणि एम.एस्सी.ला मी त्यावर मार्क मिळवले आहेत. माझ्या स्प्रेडशीटमध्ये घनतेच्या गुणोत्तराचा रकाना होता, नीट मोजलेला, रंगवलेला. फक्त तो वेळेला गुणायचा राहिला होता.

मग पहिल्या दहा शॉटचं कोडंही सुटलं. तिथे खरा रेणू खिडकीच्या घड्याळाने दहा-अकरा मायक्रोसेकंदच घेत होता, पण माझ्या नॉबने त्याचे ५३ केले होते. मी विसरलेल्या ५.२७ ने ते पन्नाशीच्या पुढे जायलाच हवे होते. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं, तेही नेमकं मी निवडलेल्या त्या एका स्थितीत. १२ टॉर भरला असता तरी इतकं जुळलं नसतं. पेढे वाचले असते.

गुणक लावल्यावर बिंदू वर आले. गरम बाजूचे रेषेवर, थंड बाजूचे अजूनही तीसेक टक्के खाली. रेष तिरकी. ही मात्र अशुद्धीचीच खूण, आणि या वेळी मी ती आकारावरून ओळखली. पण नळी तर आता कोरडीठाक होती. मग वायूच?

कार्बन मोनॉक्साइड पोलादी सिलिंडरमध्ये बराच काळ दाबाखाली राहिला की लोखंडाशी मिळून आयर्न पेंटाकार्बोनिल तयार करतो, ही गोष्ट मी तोवर फक्त रसायनशास्त्रातली गंमत म्हणून ऐकली होती. आमचं सिलिंडर पोलादाचं होतं आणि माझ्याहून लॅबमध्ये सीनियर होतं. कार्बोनिल शॉकमध्ये फुटतं आणि लोखंडाचे अणू मोकळे सुटतात. कंपनांशी देवाणघेवाण करायला असे अणू साध्या रेणूपेक्षा कितीतरी चलाख. गाळायचं कसं? द्रव नायट्रोजनचा ट्रॅप हा पहिला विचार, पण तो ७७ केल्विन आणि कार्बन मोनॉक्साइड उकळतो ८१.६ ला, दाब जास्त असेल तर गाळणीत घाणीबरोबर मालच अडकायचा. तेव्हा ड्राय आइस आणि ॲसिटोनची उणे ७८ अंशांची कढी केली, तिच्यात काचेची वेटोळी नळी बुडवली आणि वायू तिच्यातून अगदी सावकाश सोडला. पुढे ॲल्युमिनियमचं सिलिंडरही आलं. थंड बिंदू वर आले. दोन सोडून सगळे रेषेच्या दहा टक्क्यांत. त्या ट्रॅपने कार्बोनिल अडवलं की उरलीसुरली वाफ, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दोन्ही अडकतात त्यात. खाली राहिलेले दोन बिंदू आलेखात तसेच ठेवले आहेत. सर काढू नको म्हणाले, मीही काढले नसते.

आता नायट्रोजन सुरू केलाय. तो स्वतः अवरक्तात काहीच दाखवत नाही, दोन्ही टोकं सारखी असल्यामुळे त्याला द्विध्रुवच नाही. म्हणून त्यात थोडासा कार्बन मोनॉक्साइड चहाडीला ठेवायचा. दोघांच्या कंपनांची पट्टी जवळजवळ एक असल्याने ऊर्जा त्यांच्यात चटकन इकडून तिकडे होते, आणि नायट्रोजन काय करतोय ते हा बोलून दाखवतो. ही युक्तीही मिलिकन आणि व्हाइट यांचीच.

काल रात्री पहिला शॉट मारला. आवाज स्वच्छ, चारही पाकळ्या जागेवर. रात्री दीडला बिंदू काढला तर तो प्रकाशित रेषेवर अगदी चपखल बसला.

सकाळपासून मी ती एलईडी शोधतेय.